दारू सुटल्यावर वाटणारी भीती

प्रश्न : मी खराडीला राहतो आणि तिथल्याच एका आयटी कंपनीत काम करतो. वय ३६. दारूसाठी पस्तीस दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो, त्याला आता अडीच महिने झाले. केंद्रात मी छान होतो, हसत होतो, गटात बोलत होतो. घरी आल्यापासून मात्र भीती वाटते. लिफ्टमध्ये ओळखीचं कुणी भेटलं तरी पोटात गोळा येतो. पुढच्या महिन्यात आमच्या प्रोजेक्टची पार्टी आहे, तिचा विचारही नको वाटतो. सगळे म्हणतात, ‘हिंमत धर.’ मला खरंच कुतूहल आहे, की ही हिंमत येते कुठून? काही माणसांत ती मुळातच असते आणि माझ्यात नाही, असं आहे का? पीत होतो तेव्हा तर मी कुणाच्या बापाला घाबरत नव्हतो.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. पीत होतात तेव्हा घाबरत नव्हतात, कारण भीतीची जाणीव बोथट करणं हे दारूचं मेंदूतलं कामच आहे. मेंदूत पेशींना शांत करणारी काही रसायनं असतात आणि चेतवणारी काही. शांत करणाऱ्यांत मुख्य गाबा, चेतवणाऱ्यांत मुख्य ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी हे होत राहिलं, की मेंदू आपल्या बाजूनं तोल सावरू लागतो. शांत करणारी यंत्रणा मंदावते, चेतवणारी तेज होते. मग एक दिवस दारू थांबते. वरचा दाब निघून जातो, पण मेंदूनं केलेली उलटी तयारी लगेच जात नाही. हात थरथरणं, घाम सुटणं, झोप उडणं ही तिची पहिल्या काही दिवसांतली लक्षणं, आणि ती औषधांनी आटोक्यात येतात. बेचैनी, छातीतली धडधड, कारण नसताना वाटणारी धास्ती मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळते, काहींना कित्येक महिने.

म्हणजे अडीच महिन्यांनी लिफ्टमध्ये पोटात गोळा येतो, त्यावरून तुम्ही भित्रे ठरत नाही. ज्या यंत्रणेला तुम्ही इतकी वर्षं गुंगीत ठेवलं होतं, ती आता जागी झाली आहे आणि अजून जरा जास्तच जागी आहे. ती निवळते. निवळत नसेल, उलट वाढत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. पुष्कळ लोकांना मुळात चिंतेचा आजार असतो आणि दारू हे त्यांनी स्वतःच शोधलेलं औषध असतं. दारू गेली की तो आजार उघडा पडतो. त्यावर वेगळे आणि चांगले उपचार आहेत.

इथे बाकीच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. रोज भरपूर पिणाऱ्यानं हे पत्र वाचून उद्या सकाळी घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चढल्यासारखे वाटतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढायचे असतात. तिथे मर्दुमकी दाखवायची नाही.

आता केंद्रात भीती का वाटत नव्हती ते पाहू. पस्तीस दिवस तुमच्या आसपास ग्लास नव्हता, वाईन शॉपची पाटी नव्हती, पगाराचा दिवस नव्हता. सकाळी उठायचं कधी, जेवायचं कधी, बोलायचं कधी, सगळं ठरलेलं होतं. भोवती सगळे एकाच वाटेचे होते, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तिथून तुम्ही आलात ते खराडीत. ईऑन आयटी पार्कमधून संध्याकाळी बाहेर पडणारी गर्दी, बायपासच्या चौकातला ट्रॅफिक, शुक्रवारी सहाच्या सुमाराला ग्रुपवर पडणारा ‘बसायचं का?’ असा दोन शब्दांचा मेसेज, आणि घरी जाण्याच्या वाटेवरचं ते नेहमीचं दुकान, जिथला माणूस तुम्हाला पाहूनच पिशवी काढायचा. मेंदूनं या प्रत्येक गोष्टीची दारूशी गाठ मारून ठेवली आहे. नुसती पाटी दिसली तरी तो तयारीला लागतो, तोंडाला पाणी सुटतं, जीव कासावीस होतो. रस्ता बदलता येत असेल तर सहा महिने बदला. त्यात कमीपणा नाही.

खराडीची आणखी एक अडचण मला जाणवते. १९९७च्या सुमारास महापालिकेत आलेलं हे गाव पाहता पाहता टॉवरांचं शहर झालं. कुणी लातूरहून आलं, कुणी अकोल्याहून, कुणी थेट पाटण्याहून. सोसायटीत शेजाऱ्याचं नाव पार्सलवर वाचून कळतं. अशा जागी दारू सोडणाऱ्याला रोज रात्री आठ ते दहा काढायला माणूस मिळत नाही, आणि पिणाऱ्याला मात्र दहा मिनिटांत मिळतो. तुमच्या भीतीतला मोठा वाटा या एकटेपणाचा आहे, असं मला तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर वाटलं. अख्ख्या पत्रात जवळच्या एकाही माणसाचा उल्लेख नाही. ‘सगळे म्हणतात’ एवढाच आहे.

हिंमत कुठून येते, या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं सगळ्यात खरं उत्तर एका हॉटेलच्या लॉबीत घडलेलं आहे. मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस तिथे कामासाठी आलेला. दारू सोडून त्याला पाच महिने झालेले. ज्या कामासाठी आला ते फसलं, सोबतचे लोक निघून गेले, आणि शनिवार-रविवार अनोळखी गावात एकट्यानं काढायची वेळ आली. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो येरझाऱ्या घालत होता. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज येताहेत. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. तुमच्या ओळखीचाच हा देखावा आहे. खराडीत किंवा विमाननगरला कामासाठी आलेली किती माणसं आज रात्री अशाच लॉबीत उभी असतील.

विल्सन घाबरला. हे त्यानं स्वतःच नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. घाबरलेल्या माणसानं फोन उचलला आणि यादीतल्या एका पाद्र्याला विचारलं, की तुमच्या गावात माझ्यासारखा दारूत बुडालेला कुणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. मदत करणारा डॉक्टर किंवा धीर देणारा शहाणा माणूस त्यानं मागितला नाही. आपल्याच पंगतीतला एक दारुडा मागितला. यामागेही अनुभव होता. आधीचे कित्येक महिने तो न्यूयॉर्कमध्ये दारुड्यांना समजावत हिंडला होता आणि त्यातला एकही सुधारला नव्हता. पण त्या सगळ्या काळात तो स्वतः प्यायला नव्हता, हे त्याच्या बायकोनं, लोइसनं, त्याच्या ध्यानात आणून दिलं होतं.

फोनवरून फोन होत अखेर एक पत्ता मिळाला. दुसऱ्या दिवशी, १२ मेला, संध्याकाळी पाच वाजता त्याची भेट झाली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. डॉक्टरांनी येतानाच सांगितलं होतं, पंधरा मिनिटं थांबीन. दोघे उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. विल्सननं उपदेश केला नाही, आपली सगळी हकिगत सांगितली. स्मिथना पहिल्यांदाच असा माणूस भेटला होता, जो दारूच्या व्यसनाबद्दल स्वतःच्या अनुभवातून बोलत होता.

यापुढचा भाग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. या भेटीनंतर काही आठवड्यांतच डॉ. बॉब डॉक्टरांच्या परिषदेला अटलांटिक सिटीला गेले आणि तिथे पुन्हा भरपूर प्यायले. परत आले तेव्हा विल्सन त्यांच्याच घरी राहत होता. त्यानं तोंड फिरवलं नाही. तीन दिवस सांभाळलं. पुढे एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्या सकाळी हात स्थिर राहावा म्हणून विल्सननंच त्यांना एक बिअर दिली. ती त्यांची शेवटची. तो दिवस १० जून १९३५ मानला जातो, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना आपला जन्मदिवस म्हणून तोच धरते. जगभर पसरलेल्या या चळवळीचा पहिला दिवस घसरलेल्या माणसाला उभं करण्याचा दिवस आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यात हिंमत कुठे होती? लॉबीतल्या विल्सनकडे ती शिल्लक नव्हती, म्हणून तर येरझाऱ्या चालल्या होत्या. डॉ. बॉबकडेही नव्हती. ती त्या दोघांच्या बोलण्यातून तयार झाली. आधी हिंमत वाटली आणि मग फोन केला, असं घडलेलं नाही. भीत भीत फोन केला, कुणीतरी ऐकून घेतलं, आणि त्यानंतर एक रात्र निभावली. व्यसनातून बाहेर आलेल्या ज्या ज्या माणसांशी मी बोललो आहे, त्यांच्या हकिगतींत हाच क्रम सापडतो. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर असं, की काहींत असते आणि काहींत नसते अशी ही वस्तू नाही. एकट्याकडे ती फार काळ टिकत नाही, आणि आपल्यासारख्या दुसऱ्या माणसाजवळ गेलं की मिळते.

आपल्या पुण्यातही हे घडलं आहे. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि व्यसनमुक्ती केंद्र उभं करायला त्यांनी एक लाख रुपये दिले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं, तुमच्या खराडीहून नगर रस्त्यानं गेलं तर थोड्याच अंतरावर. सुनंदाताईंना पुढे कॅन्सर झाला आणि आजारपणातही त्यांनी काम सोडलं नाही. १९९७मध्ये त्या गेल्या. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे केंद्र चालवते. या संस्थेची मला सगळ्यात आवडलेली बाब म्हणजे तिथे बरे झालेले कित्येक जण पुढे तिथेच समुपदेशक आणि कार्यकर्ते झाले. दाखल झालेल्या माणसासमोर जो बसतो, तो कधीतरी त्याच खुर्चीत थरथरत बसलेला असतो. त्याला काही पटवून द्यावं लागत नाही, त्याचं समोर असणंच पुरेसं होतं.

मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या खुल्या सभांना बसलो आहे. खुल्या म्हणजे बाहेरच्यांनाही येऊ देतात त्या. शाळेचा नाहीतर चर्चचा एखादा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेला दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांचा फलक, कोपऱ्यात चहाचा थर्मास. एक मध्यमवयीन माणूस पहिल्यांदाच बोलायला उठला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यानं चहाचा कप खुर्चीवर ठेवला, मग उचलून खाली फरशीवर ठेवला. दोन्ही हात पाठीमागे बांधले, कदाचित ते दिसू नयेत म्हणून. नाव सांगितलं. ‘मी मद्यपाशी आहे’ एवढं म्हणाला आणि पुढे शब्दच फुटेना. सभेनं एका सुरात ‘नमस्कार’ म्हटलं आणि सगळे थांबले. कुणी ‘बोला, बोला’ केलं नाही. कुणी मोबाइल पाहिला नाही. बऱ्याच वेळानं तो ‘आज एवढंच’ म्हणून बसला. शेजारच्यानं फरशीवरचा कप उचलून त्याच्या हातात दिला. हजार माणसांपुढे भाषण देणाऱ्यांचं धाडस मी पाहिलं आहे. या माणसाचं त्याहून मोठं होतं, असं मी आजही मानतो.

तुमचं काम यातून सुरू होतं. आठवड्यातून किमान दोनदा तरी अशा सभेला किंवा तुमच्या केंद्राच्या फॉलो-अपला जा. पुणे शहरात मराठीतून सभा होतात. तिथल्या एका जुन्या माणसाचा नंबर घ्या आणि बरं वाटत असेल तेव्हाही त्याला फोन करा, म्हणजे वाईट वेळी बोट अडखळणार नाही.

आता ती पार्टी. पहिली गोष्ट म्हणजे, न जाणं हा पर्याय पूर्णपणे मानाचा आहे. अडीच महिन्यांत तुम्हाला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. पण जावंच लागणार असेल, तर पार्टीच्या दिवशी तुमची खरी परीक्षा फार तर वीस-तीस मिनिटांची असते. तलफ उठते, चढते आणि ओसरते. वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी तलफेला समुद्राच्या लाटेची उपमा दिली होती. लाटेला छातीनं अडवायला गेलं की पाय सुटतात, तिच्यासोबत तरंगत राहिलं की ती किनाऱ्याला जाऊन फुटते. त्यामुळे ‘मला प्यावंसं वाटताच कामा नये’ असा हट्ट धरू नका. वाटेल. वाटलं तरी वीस मिनिटं टेरेसवर जा, फोन लावा, पोटभर जेवा. उपाशी पोट, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ सगळ्यात जोरात येते, म्हणून पार्टीला निघण्याआधी घरूनच काहीतरी खाऊन निघा. आपल्या गाडीनं जा. पोचल्या पोचल्या स्वतःच्या हातानं लिंबू सोडा घ्या, कारण रिकामा हात दिसला की कुणीतरी तो भरायला येतोच. ‘सध्या घेत नाही’ म्हणू नका, ‘सध्या’मुळे आग्रहाला दार उघडं राहतं. ‘मी घेत नाही’ एवढं म्हणा आणि लगेच दुसऱ्या विषयावर या. त्या जुन्या माणसाला आत जाण्याआधी एक फोन आणि बाहेर पडल्यावर एक फोन करायचा, हे आधीच ठरवून ठेवा. मधल्या वेळेत कुणीतरी आपल्या फोनची वाट पाहतंय, हे डोक्यात राहतं.

ऑफिसात सगळ्यांना सांगायचं का? मुळीच गरज नाही. एकाला सांगा, ज्याच्या तोंडात तीळ भिजतो अशाला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात, आणि उपचार करणाऱ्यांनी तुमची माहिती गुप्त ठेवणं हा त्यात तुमचा हक्क आहे. कुणाला कळावं हे तुम्ही ठरवायचं.

आणि घसरलात तर? ही शक्यता बोलून ठेवलेली बरी. अमेरिकेतली अमली पदार्थांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था सांगते, की उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के आहे, आणि रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांत आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाणही जवळपास तसंच असतं. मार्लाट यांनीच दाखवून दिलं, की पहिल्या पेगपेक्षा जास्त घात करतो तो त्यानंतरचा विचार : ‘आता सगळं संपलंच, मग पुरतंच पिऊ.’ आपल्याकडे या विचाराला शपथांची फोडणी असते. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, देवापुढे नारळ, गळ्यात माळ. माळेनं अनेकांना तारलं आहे, कारण माळेसोबत भजन येतं, दिंडी येते, रोज भेटणारी माणसं येतात. मुलाच्या डोक्यावरची शपथ मात्र फक्त धास्ती वाढवते. ती मोडली की माणूस कुणालाच तोंड दाखवत नाही, आणि तोंड लपवायला पुन्हा बाटलीच लागते. तुम्ही अशी शपथ घेतली असेल तर घरात बसून ती मोकळी करा आणि त्याजागी एवढंच ठरवा, की घसरलो तर त्याच रात्री सांगेन. तलफ फारच छळत असेल तर नाल्ट्रेक्सोनसारखी ती कमी करणारी औषधं मिळतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतली म्हणून तुमचं यश कमअस्सल होत नाही.

देशात २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक आकडा आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. तुम्ही तो एक आहात. दाखल होऊन उपचार घेणारे तर त्याहूनही कमी, १८० जणांत एक. केंद्राच्या दारातून बॅग घेऊन आत गेलात, त्या दिवशीही तुम्ही घाबरलेलेच असणार. तरी गेलात.

प्रश्न : चंदननगरहून लिहिते आहे. नवऱ्याला दारू सोडून चार महिने झाले. मी दिवसभर धास्तावलेली असते. तो घरी आला की आधी वास घेते, खिसे बघते. एका रिक्षाच्या मागे ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात पाहिली. पुन्हा प्यायला लागलाच तर भाजीत ते औषध घालू का? आणि पुढच्या महिन्यात दिराची हळद आहे, तिथे पिणारे पुष्कळ. त्याला नेऊ की नको?

उत्तर : ताई, भाजीत काहीही घालू नका. अशा जाहिरातींमागे काय विकलं जातं हे पुडीवर लिहिलेलं नसतं. त्यात पुष्कळदा डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९४८मध्ये पुढे आणलेलं हे औषध चांगलं आहे, पण ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते आणि रक्तदाब एकदम खाली येतो. हृदय किंवा लिव्हर नाजूक असेल तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ते त्याला माहीत असताना, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचं असतं. शिवाय त्याला कधी ना कधी कळणार, आणि ज्या घरात जेवणावर विश्वास राहिला नाही त्या घरात तो खरं कसं बोलेल?

वास घेणं आणि खिसे तपासणं तुम्ही का करता ते मला कळतं. किती वेळा फसवणूक झाली असेल, त्याचा हिशोब तुमच्या अंगात मुरला आहे. त्यानं दारू सोडली म्हणून तुमची झोप त्याच दिवशी परत येत नाही. पण तपासणीनं दारू थांबत नाही, फक्त लपवण्याच्या जागा बदलतात, आणि त्याचा आजार तुमच्या दिवसभराचा धंदा होऊन बसतो. त्याऐवजी दोघांनी शांतपणे बसून ठरवा, की घसरलाच तर आधी कुणाला फोन करायचा, रात्री मुलं कुठे झोपतील, पगाराचे पैसे कुणाकडे राहतील. आणि हात उगारला तर तुम्ही त्या घरात थांबणार नाही, हे त्याला आजच सांगून ठेवा. दारू हा आजार आहे म्हणून मार सोसायचा नसतो.

वरच्या उत्तरात ज्या लोइसचा उल्लेख आला, ती बरीच वर्षं नवऱ्याच्या दारूशी झगडली. तो सुटल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला स्वतःचं असं आयुष्यच उरलेलं नाही. एकदा नवरा सभेला जायची घाई करत असताना तिनं रागानं त्याच्याकडे बूट भिरकावला होता. तो पीत नव्हता, सगळं चांगलं चाललं होतं, तरी तिला राग का आला याचा तिनं विचार केला, आणि त्या विचारातून १९५१मध्ये घरच्या मंडळींसाठी अल-अनॉन ही वेगळी चळवळ उभी राहिली. तिच्याही सभा पुण्यात होतात. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. तिथे नवरा कसा आहे हे दुसऱ्या क्रमांकाला विचारतात, आधी विचारतात तुम्ही कशा आहात. नवऱ्यानं परवानगी दिली नाही तरी तुम्ही जाऊ शकता, आणि तो पुन्हा प्यायला लागला तरी जाऊ शकता. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, आणि मन फारच खचलं तर १४४१६ ही टेलि-मानस हेल्पलाइन.

हळदीचं म्हणाल, तर त्याला विचारा. तुम्ही परस्पर ठरवलंत तर तो एक तर सुटकेचा निःश्वास टाकेल आणि पुढच्या वेळीही निर्णय तुमच्यावर ढकलेल, नाहीतर चिडेल. तो म्हणाला, ‘नको, मी लग्नाला सकाळी येतो,’ तर सासूबाईंना ते तुम्ही सांगा, आणि कारण विचारलं तर ‘डॉक्टरांनी जागरण करू नको म्हटलंय’ एवढं पुरे. म्हणाला, ‘जाऊ, पण जेवलो की निघू,’ तर दिराला आधीच विश्वासात घ्या, म्हणजे आग्रह करणाऱ्यांना तो परस्पर आवरेल. संध्याकाळी पोचा, हळद लावा, पहिल्या पंगतीला बसा आणि डीजे सुरू व्हायच्या आत गाडी काढा.